डाव्या बुटाचं टोक

गुरुवार, १० ऑक्टोबर

उद्या जायचं आहे. होकार का दिला ते माझं मला ठाऊक नाही. सात वर्षं आमचं बोलणं नाही आणि परवा धाकटी फोन करून म्हणते काय, "ताई, दोन दिवस चालायला येतेस? द्राक्षमळे, मग पलीकडचं जंगल. पानं आता लाल झाली असतील. थोडं बोलायचंही आहे." पानं लाल झाली तर झाली. मी काय त्यांना शाबासकी द्यायला जाऊ?

दुकानावर पाटी लावली, 'सोमवारी उघडेल'. कारण लिहिलं नाही. द्राक्षांतून फिरायला गेले आहे असं लिहिलं असतं तर गिऱ्हाईकांनी महिनाभर दात काढले असते. चालण्याचं कौतुक, ज्यांचे पाय दिवसभर टेबलाखाली असतात त्यांना. मी तीस वर्षं लोकांच्या चालण्याची घाण बुटांच्या तळावरून रापीने खरवडते आहे. मला त्याची नवलाई नाही.

संध्याकाळी टपाल कचेरीतल्या कारकुनाची बायको आली. त्याचे बूट महिनाभर फळीवर पडून होते. हा माणूस दर दोन महिन्यांनी यायचा आणि उजव्या बुटाच्या टोकाला चामड्याचा तुकडा लावून न्यायचा. टाच नव्यासारखी, टोक मात्र उंदराने कुरतडल्यासारखं. पाय उचलून टाकायचासुद्धा कंटाळा! मी एकदा तोंडावर सांगितलं होतं तसं. तो नुसता हसला होता. आज बायको म्हणाली, "राहू देत तुमच्याकडेच. आता लागायचे नाहीत त्यांना." माझी मेहनत पाण्यात. बूट खुंटीला टांगले.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर. मुक्कामाच्या घरी

बसमधून उतरले तर धाकटी काठी टेकून उभी. एक नव्हे, दोन काठ्या. हल्ली चालायला निघालेले सगळेच शहाणे अशा काठ्या घेऊन फिरतात, जणू सपाट रस्त्यावर हिमशिखर लागणार आहे. हिने तरी हे सोंग करायला नको होतं. तीस वर्षं भूगोल शिकवला, दर वर्षी शाळेच्या पोरांना याच वाटेने मेंढरांसारखं हाकत नेलं. लहानपणी बाजारात जाताना ही कायम माझ्यापुढे वीस पावलं. मी पिशवी घेऊन मागे. "ताई, चल ना गं!" एवढंच काय ते मागे वळून बोलायची.

आमच्याबरोबर आणखी तीन जण आहेत. एक दंतवैद्य आणि त्याची बायको. त्याचे बूट कोरे करकरीत, एक माप लहान. उद्या दुपारपर्यंत हा लंगडणार, मी लिहून ठेवते. तिसरी एक निवृत्त नर्स, गोल चेहऱ्याची, सगळ्यांना "बाळा" म्हणणारी. आणि वाटाड्या. मळेवाल्याचा जावई आहे म्हणे. प्रत्येक वाक्याच्या शेवटी आपण कौतुक करावं म्हणून थांबतो. मी केलं नाही.

खोली वरच्या मजल्यावर, दोन खाटा, एक आरसा, खिडकीतून मळ्यांच्या रांगा. जिना चढायला धाकटीने इतका वेळ लावला की मी तोवर सामान लावून, तोंड धुऊन बसले होते. म्हटलं, "खाली गप्पा मारत बसलीस का?" म्हणाली, "हो." खोटं बोलत होती, खालून काही आवाज नव्हता. पण कशाला विचारा?

मग तिने विचारलं. खाटेच्या कडेला बसून, हात मांडीखाली दाबून, लहानपणी मार खायच्या आधी बसायची तशी.

"ताई, तुझी दुकानामागची खोली रिकामी आहे ना? मी येऊ का राहायला?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कशाला?"

"शाळा सोडली मी. एकटीला करमत नाही."

"वर्गातली मुलं सोडून करमत नाही म्हणे."

"रविवारी सांग. हो म्हण, नाही म्हण. नाही म्हणालीस तर दुसरी एक जागा आहे, त्यांना बुधवारपर्यंत कागद पाठवायचा आहे."

निवृत्त शिक्षकांची एखादी वसाहत असणार. बाग, वाचनालय, संध्याकाळी पत्ते. जावं की तिकडेच.

त्या खोलीत बाबा चौदा महिने पडून होते. त्यांना उचलायचं, पुसायचं, वळवायचं मी. तो उंच उंबरठा ओलांडून त्यांना अंगणात उन्हाला नेताना माझ्या कमरेचे तुकडे पडायचे. ही दर रविवारी दोन तास यायची, त्यांना नकाशे दाखवायची आणि घड्याळ बघून तरातरा पाचची बस पकडायला जायची. शेवटी बाबा गेले त्या दिवशी मी म्हणाले, "आता येऊ नकोस." तर खरंच आली नाही! तेव्हा पाय मोकळे होते ना हिचे. आता करमत नाही.

झोपायच्या आधी दाराशी तिचे बूट दिसले. बाबांनी शिवलेले, बावीस वर्षांचे. वरचं चामडं अजून राजासारखं आहे. पण सोल नवा आहे आणि डाव्या टोकाशी आत्ताच सुटून आ वासला आहे. म्हणजे बाबांचे बूट हिने दुसऱ्या कुणा ठोंब्याकडे टाकले, आणि त्याने सोल्युशन फासून हातावर ठेवले. माझं नाक कापलं गेलं. बूट उलटून बघावासाही वाटला नाही. दुसऱ्याचं भिकार काम बघून मला शिसारी येते.

शनिवार, १२ ऑक्टोबर

दंतवैद्य साडेअकरालाच लंगडायला लागला. दुपारपर्यंतसुद्धा टिकला नाही.

सकाळी धुकं होतं, मग ऊन पडलं. खरं सांगायचं तर मळे बघण्यासारखे आहेत. तोडणी संपलेली, रांगांच्या रांगा पिवळ्या आणि वाईनसारख्या तांबड्या, मधेच चुकून राहिलेला एखादा घड सुरकुतून गोड झालेला. वाटेच्या कडेला पिळलेल्या द्राक्षांच्या चोथ्याचे ढीग, त्यांवर गांधीलमाश्या. आंबूस वास नाकात बसतो. हे सगळं गप्प राहून बघता आलं असतं, पण वाटाड्या! "ही माती बोलते," म्हणाला. मी म्हटलं, "मग तुम्ही जरा गप्प बसा, तिला बोलू द्या." नर्स खो खो हसली.

मग वाईन चाखायची खोली. थंड, दगडी, पिंपांनी भरलेली. दंतवैद्याने पेला फिरवला, नाक बुडवलं, तोंडात घोळवून बादलीत थुंकला आणि डोळे मिटून म्हणाला, "ओलं लाकूड. किंचित चामडं." चामडं! मी माझ्या पिशवीचा पट्टा त्याच्या नाकाखाली धरला आणि म्हटलं, "हे चामडं. तुमच्या तोंडात आहे ते द्राक्ष." त्याच्या बायकोने मला दिवसभर पाठ दाखवली. बरंच झालं.

धाकटी तिथेच बाकावर बसून राहिली. नर्स तिला चिकटली आहे. तिची पिशवीही नर्सच्या खांद्यावर गेली आहे. ही आयुष्यभर अशीच, कुणी ना कुणी हिचं ओझं उचलायला हजर. दोघी हळू आवाजात बोलत होत्या, मी जवळ गेले की गप्प. माझ्याच कागाळ्या चालल्या असणार.

दुपारभर मी पुढे होते. चढावरही मी पुढे! मागे वळून बघितलं तर धाकटी दोन वळणं खाली, काठ्या रोवत, पाऊल ओढत. खडीवर खर्र खर्र आवाज माझ्यापर्यंत येत होता. पाऊल ओढलं म्हणून बाबांनी लहानपणी आम्हा दोघींना किती वेळा झापलं होतं. पण मला लपवायचं नाही, इथे तरी नाही. मला आनंद झाला. सत्तावन्नाव्या वर्षी मी तिच्यापुढे होते आणि तिला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "चल ना गं!"

तिने हात वर करून हलवला. हसत होती.

उतारावर तिची डाव्या पायाची नाडी सुटली. मला म्हणाली, "ताई, बांधतेस का?" मी म्हटलं, "तुझी मोलकरीण आहे का मी?" पण लोंबणारी नाडी माझ्याने बघवत नाही. वाटेतच गुडघे टेकले आणि दुहेरी गाठ मारली, बाबांची. तोल सांभाळायला तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. गाठ मारून झाली तरी काढला नाही. मी म्हटलं, "आशीर्वाद देतेस का? मोठी मी आहे." तेव्हा काढला.

रविवार, १३ ऑक्टोबर. घरी, रात्री

सांगून टाकलं एकदाचं. नाही म्हणाले.

सकाळी जंगलात शिरलो. ओकची मोठमोठी झाडं, खाली पानांचा घोट्याएवढा थर, पावसाने भिजलेला. वाटाड्याने आज तोंड बंद ठेवलं, त्यामुळे चाल बरी झाली. मी पुन्हा पुढे. मागून धपकन आवाज आला. धाकटी पडली होती. मुळाला अडखळली म्हणे. मी परत जाऊन बघितलं, ते मूळ माझ्या अंगठ्याएवढं होतं. नर्सने तिला काखेत हात घालून अशी उचलली की जणू रोजचंच काम. डाव्या बुटाचा सोल टोकापासून अर्धा उघडला होता.

"बघ," मी म्हटलं, "बाबांचे बूट भलत्याच्या हातात दिलेस. पडशील नाही तर काय!"

"भलत्याच्या नाही दिले. चांगला माणूस आहे तो. माझ्या घराखालीच बसतो."

"माझ्याकडे आणायला काय झालं होतं?"

"तूच म्हणाली होतीस, येऊ नकोस."

मी पिशवीतली दोरी काढून सोल बांधला आणि पुढे झाले. नर्स मला काहीतरी सांगायला झपझप आली, "बाळा, तुझ्या बहिणीला..." मी म्हटलं, "मी कुणाची बाळ नाही. आणि बहिणीचं बहिणीला बोलू दे." तशी ती मागे राहिली.

बसथांब्यावर धाकटीने चेहरा वर केला. "मग?"

मी दोन दिवस घोळवून ठेवलेलं बोलले. बाबांना उचलायची वेळ होती तेव्हा तू बस पकडत होतीस. आता तुझ्या करमणुकीला मी खोली देऊ? माझं दुकान म्हणजे काही धर्मशाळा नाही. शिवाय तुला बसल्या जागी सगळं हातात लागतं, पिशवीसुद्धा दुसऱ्याने उचलावी लागते. मला नाही जमायचं.

ती रडेल असं वाटलं होतं. भांडली असती तरी चाललं असतं. "बरं," म्हणाली. "विचारून घेतलं, बरं झालं." मग बाकावर बसून बूट काढले, पिशवीतले कापडी जोडे घातले. डावा घालायला फार वेळ लागला. बूट मी काढून घेतले. म्हटलं, "हे दुरुस्त करून पाठवते. बाबांचा बूट असल्या अवस्थेत रस्त्यावर दिसता कामा नये." तिची बस आधी आली. चढताना चालकाने हात दिला. मेल्यांना हिचा इतका कसला पुळका येतो!

बरोबर केलं. मी बरोबरच केलं. जेवण गेलं नाही.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

काल गर्दी होती. आज दुपारी तिचे बूट घेतले. आधी त्या ठोंब्याची लाज काढायची होती. एक चिठ्ठीही मनात तयार होती: हे असलं काम करण्यापेक्षा भाजी विकावी.

डावा बूट लोखंडी पायावर उलटा घातला आणि टाके उसवायला आरी हातात घेतली. काम उत्तम आहे.

तीन वेळा बघितलं. सोल नुसता चिकटवलेला नाही, हाताने शिवला आहे, टाका एकसारखा, मेण लावलेला दोरा. माझ्या हल्लीच्या टाक्यापेक्षा सरळ. आतून पेन्सिलने तारीख टाकली आहे, आमच्या धंद्यात टाकतात तशी. ऑगस्टची. दोन महिन्यांचा सोल. उजवा बूट उलटला तर तळ कोरा, फक्त मातीचे डाग. डाव्याची टाच कोरी. आणि टोक झिजून, टाके झिजून, दोरा झिजून थेट आतल्या कातड्यापर्यंत पोचलेलं. वरून सुटलं नव्हतं ते. खालून खाल्लं गेलं होतं.

मग मी मान वर केली. खुंटीवर कारकुनाचे बूट होते.

ते खाली घेतले आणि त्याचा उजवा तिच्या डाव्याशेजारी ठेवला. तीस वर्षं हाच धंदा करते. बाबा गिऱ्हाईकाचा तळ आधी बघायचे आणि चेहरा मागाहून. "ही बाई गरोदर आहे," "याचा गुडघा गेला," असं बूट हातात घेऊन सांगायचे. आणि मी? मी कारकुनाला आळशी म्हटलं. त्याच्या तोंडावर. तो हसला होता, कारण तो काय सांगणार? पाऊल उचललंच जात नव्हतं त्याचं. आधी टोक झिजलं, मग तो यायचा बंद झाला, आता बूट लागत नाहीत.

जिना. काठ्या. पिशवी. नाडी. अंगठ्याएवढं मूळ. नर्सने उचललं ते रोजचंच काम असल्यासारखं, कारण तिचं ते रोजचंच होतं आणि तिला पहिल्या तासात कळलं होतं. दंतवैद्यालाही कळलं असेल. बसच्या चालकाला कळलं! आणि मी पुढे चालत "चल ना गं" म्हणून ओरडत होते.

फोन केला. पाच वेळा. उचलत नाही.

मी मूर्ख आहे. हे मी इथे एकदा लिहून ठेवते, कारण तोंडाने म्हणायची मला सवय नाही.

बुधवार, १६ ऑक्टोबर

दुकान उघडलंच नाही. पाटीही लावली नाही. सकाळच्या पहिल्या बसने तिच्या घरी गेले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. इमारतीखाली तो कारागीर बसला होता, म्हातारा, जाड चष्मा. माझ्या हातातले बूट ओळखले त्याने. "बाईंचे ना? मी त्यांना म्हटलं होतं, डॉक्टरला दाखवा. बूट माझ्याकडे एवढ्या लवकर यायला नको होता." मी एवढंच म्हटलं, "टाका फार सुरेख आहे तुमचा."

दार उघडायला तिला बराच वेळ लागला. आत गालिचा गुंडाळून भिंतीशी उभा केलेला. न्हाणीघराच्या दाराशी नवा लोखंडी दांडा, स्क्रू अजून चमकणारे. भिंतीवर जगाचा नकाशा, त्याखाली टेबलावर कागद. वर संस्थेचं नाव, खाली 'कायम शुश्रूषेची गरज असलेल्यांसाठी'. सही केलेली होती. पाकिटावर तिकीट लावायचं राहिलं होतं.

"फोन का उचलत नाहीस?"

"पोचेपर्यंत बंद होतो."

मी टेबलाशी खुर्ची ओढून बसले. किती दिवसांपासून, विचारलं. वसंतापासून, म्हणाली. आधी बोटं जड झाली, मग पाऊल. पुढे हातही जातील. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. या वर्षी वाट एकदा चालून घ्यावी असं वाटलं, पुढच्या शरदात जमणार नाही.

"मग मला का नाही सांगितलंस? शुक्रवारीच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू हो म्हणाली असतीस."

"अगं मग!"

"बाबांना केलंस तसंच केलं असतंस. दात ओठ खाऊन. मला बघायचं होतं, काही कारण नसताना तुला मी घरात हवी आहे का." मग म्हणाली, "आणि ताई, बाबांच्या वेळी मी पळायचे. बस नव्हतीच रविवारी पाचची. सहाची होती. मी थांब्यावर तासभर बसून राहायचे. मला बघवायचं नाही."

सात वर्षं मी त्या पाचच्या बसवर दात खात होते.

मी तो सही केलेला कागद उचलला आणि फाडला. ती ओरडली, "ताई! दया म्हणून नको!"

"दया?" मी म्हटलं. "ती माझ्या दुकानात कधी मिळाली आहे? तिथे शिव्या मिळतील. सकाळ संध्याकाळ. बूट सामानात बांध."

"तू नाही म्हणाली होतीस."

"चुकले," मी म्हणाले. आणि मग मला रडू आलं, तेही वाईट, नाक गळेपर्यंत. तिने शनिवारसारखाच डोक्यावर हात ठेवला. या वेळी मी मोठेपणाचा हक्क सांगितला नाही.

रविवार, २७ ऑक्टोबर

मधले दिवस लिहायला फुरसत नव्हती.

कारकुनाचे बूट पॉलिश करून त्याच्या घरी नेऊन दिले. बायको दारातच म्हणाली, "अहो, सांगितलं होतं ना, लागायचे नाहीत." मी म्हटलं, "लागत नसले तरी त्यांचे आहेत." तो खिडकीशी खुर्चीत होता. मी आळशीपणाबद्दल बोललेलं त्याला आठवत नव्हतं, किंवा आठवत नाही असं म्हणाला. माफी मागून झाली. मला अजून जमत नाही, शब्द दगडासारखे पडतात.

मागच्या खोलीचा उंबरठा मी स्वतः करवतीने कापला. सागवान होता, दोन दिवस लागले, हाताला फोड आले. बाबांना चौदा महिने त्यावरून उचलताना हे डोक्यात आलं नव्हतं. तेव्हा मला उचलण्याचा अभिमान जास्त होता, असं आता वाटतं.

डाव्या बुटाचा सोल पातळ लावला, टोकाला वर वळवला, आणि घोट्यापासून टोकापर्यंत एक पट्टा बसवला, पाऊल वर उचलून धरणारा. बाबांनी असला बूट कधी केला नव्हता. धाकटीने घालून बघितला आणि म्हणाली, "जरा भद्दा दिसतो." तीस वर्षं चामड्यात घालवून हे ऐकायचं! मी म्हटलं, "तुझ्यापेक्षा बरा दिसतो."

संध्याकाळी कोपऱ्यापर्यंत गेलो. शंभर पावलांची गल्ली, अर्धा तास लागला. भिंतीवरच्या वेलीची पानं लाल झाली आहेत, ती तिने मला दाखवली. मी बघितली. मी मागून चालत होते आणि तिचं पाऊल बघत होते. टोक घासलं नाही.

"पूर्वीसारखी पुढे जाऊ?" तिने विचारलं. "वीस पावलं?"

"तेवढी नको," मी म्हणाले. "माझा हात पोचेल एवढीच."